डासांच्या पसंतीचा जावई

उखाजी आबांनी मला खोली भाड्याने देताना माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, जातसुद्धा अगदी शेवटी विचारली. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मास्तर, बाही वर सारा."

मी नाशिककडचा. खानदेशातल्या धानोऱ्याच्या मराठी शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. दुसऱ्या महायुद्धामुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. हातात पत्र्याची ट्रंक घेऊन मी आबांच्या ओट्यासमोर उभा होतो आणि दिवस कलला होता. बाही वर सारा म्हटल्यावर मला वाटलं, गृहस्थ हात बघतात. कुठली तरी रेषा दाखवून आता माझ्या लग्नाचं काही तरी सांगतील, या आशेने मी हात पुढे केला.

आबांनी मला बाजेवर बसवलं. स्वतः शेजारी बसले. त्यांनी आपलीही बाही कोपरापर्यंत सारली, दोघांचे हात बाजेच्या काठावर शेजारीशेजारी ठेवले आणि "हालू नका" असं बजावून ते टक लावून बघत राहिले. गोठ्याकडून एक डास आला. आबांच्या मनगटावर जरा घुटमळला, तिथून उठला आणि माझ्या कोपराजवळ येऊन बसला. मागोमाग आणखी आले. ते आबांकडे वळलेसुद्धा नाहीत. मी हात झटकणार, तेवढ्यात आबांनी माझं मनगट पकडलं.

"पिऊ द्या त्याले. पाव्हना शे."

पाहुणचार आटोपल्यावर माझ्या हातावर गांधी उठल्या. आबा मात्र समाधानाने उठले. "गोड रगत शे तुम्हनं. खोली तुम्हनी," म्हणाले आणि माझी ट्रंक स्वतः उचलून आत घेऊन गेले. आयुष्यात मला कोणी इतक्या झटपट पसंत केलं नव्हतं. शाळेच्या नेमणुकीलासुद्धा दोन शिफारशी लागल्या होत्या.

उखाजी आबा म्हणजे धानोऱ्यातले खाऊनपिऊन सुखी शेतकरी. कापूस, ज्वारी, एक विहीर, दोन बैलजोड्या, एक म्हैस आणि तिचं पारडू. बायको काही वर्षांपूर्वी तापाने गेलेली. घरात एकुलती एक मुलगी, केसर. माणूस उंच, काटक, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. व्यवहारात कोणी त्यांना फसवलेलं माझ्या ऐकिवात नाही. फक्त डासांचा विषय निघाला की या शहाण्या माणसाच्या अंगात काही तरी संचारायचं.

त्यांच्या मते जगात माणसांच्या जाती चारच. गोड रगताचा, कडू रगताचा, पाणचट आणि उतरलेला. उतरलेला म्हणजे शिळ्या वरणासारखा. त्याच्यावर डास बसतो, पण न पिताच उठतो. गावच्या पाटलांना त्यांनी या शेवटच्या वर्गात टाकलं होतं आणि ते पाटलांच्या कानावर गेलं होतं, त्यामुळे दोघांचं बोलणं बंद होतं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना आबांनी आपण होऊन चहाला बोलावलं, ओट्यावर बसवलं, बराच वेळ त्यांच्या मानेकडे बघितलं आणि साहेब गेल्यावर मला म्हणाले, "पाणचट. त्याना शेरा मनावर घेऊ नका." शेरा खरोखरच वाईट होता. मी तो मनावर घेतला नाही.

सालदार गडी ठेवायचा तर त्याची बाही वर. भजनाला जायचं तर आधी देवळाच्या दारात उभं राहून कोणाच्या डोक्यावर डासांचं मोहोळ घोंगावतंय ते बघायचं आणि त्याच्याच शेजारी बैठक मारायची. तेलाचा एक लठ्ठ व्यापारी गावात होता. आबा दर एकादशीला त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, आबांचा आपल्यावर लोभ आहे.

आणि कोणी शंका काढली, हसलं, वाद घातला, तर आबांचं ठरलेलं उत्तर असे. "मानूस खोटं बोलस. मच्छर खोटं बोलत नही."

माझी झोपायची जागाही त्यांनीच ठरवली होती. ओट्याच्या बाहेरच्या अंगाला म्हैस बांधलेली. तिच्या अलीकडे माझी बाज. माझ्या अलीकडे आबांची. मग दार, आणि दाराच्या आत केसर. "तुम्हले वारा चांगला लागी," असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी त्यांचा आभारीही होतो. पुढे एका संध्याकाळी केसर म्हशीला चारा टाकता टाकता मला म्हणाली, "मास्तर, तुम्हले काय वाटस, तुम्ही आठे भाडेकरू शेत?"

"मग कोण आहे मी?"

"मच्छरसाठे ठेवेल शे तुम्हले. पयले म्हैस, मंग तुम्ही. तुम्हनाथीन उरना तर मन्हाकडे येई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांचा सिद्धान्त असा होता की डासांना प्रत्येक घरात एक माणूस आवडता असतो आणि तो शेजारी असला की बाकीच्यांना ते त्रास देत नाहीत. केसरचं रक्त फार गोड. लहानपणापासून तिला डास फोडून काढायचे. आईसारखंच. म्हणून तिच्यापेक्षा गोड काही तरी तिच्या बाहेरच्या बाजूला असावं, यासाठी आबांची सारी धडपड. म्हैस चांगली, पण एका म्हशीने भागत नव्हतं. मास्तराची भर पडली.

मला राग यायला हवा होता. खोली सोडून द्यावी असंही मनात आलं. पण त्याच वेळी केसरने कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे आणून ठेवला, आणि मी विचार केला, म्हैस काही तक्रार करत नाही, तर आपण तरी का करावी.

मच्छरदाणी का नाही लावली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. आबांचं मच्छरदाणीबद्दलचं मत फार कडक होतं. "जाळीमा निजेल मानूस उपाशी मच्छर शेजारले धाडस," ते म्हणायचे. स्वतः जाळीत शिरून डास दुसऱ्याच्या अंगावर घालणं हे त्यांच्या लेखी शेतातलं पाणी बांध फोडून दुसऱ्याच्या शेतात सोडण्यासारखं होतं. तरी केसरसाठी त्यांनी एक आणलीच. पण ती बापाला पुरून उरणारी. मी आत आणि तुम्ही बाहेर, हे जमायचं नाही म्हणाली. दोघांचा मोठा वाद झाला. मच्छरदाणी परत करायची नाही, वापरायचीही नाही, असं ठरलं आणि शेवटी ती पारडावर टांगायची ठरली. लेकरू शे ते, असं आबांचं म्हणणं.

त्यासाठी ती कापून शिवायला हवी होती. नंदुरबारचे हुसेनचाचा शिंपी बाजाराच्या दिवशी मशीन घेऊन धानोऱ्याला यायचे. आबा त्यांना घरी घेऊन आले. हुसेनचाचा गळ्यात टेप अडकवून गोठ्यात शिरले. पारडू काही केल्या उभं राहीना. चाचा घामाघूम झाले, टेप शेणात पडली. बाहेर आल्यावर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "मास्टरजी, सारी उमर सिलाई में गई. लेकिन पाडे का नाप आजतक नहीं लिया था."

गाव आबांना हसायचं ते आणखी एका गोष्टीसाठी. आबा पाणी भरायचे. त्या भागात पुरुष पाणी भरत नसत. विहिरीवर बायकांचं राज्य. पण रोज सकाळी आबा खांद्यावर हंडा घेऊन विहिरीवर जायचे, बायका तोंडाला पदर लावून बाजूला व्हायच्या आणि हा उंच म्हातारा मान खाली घालून पाणी ओढायचा. केसर घरचं पाणी भरतच होती. मग हे कशासाठी? विचारलं तर आबा ऐकू न आल्यासारखं करायचे. मी ते त्यांच्या बाकीच्या वेडातच जमा करून टाकलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. केसरचं लग्न.

तिचं वय उलटून चाललं होतं. बरोबरीच्या मुली कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला येत होत्या. स्थळं येत नव्हती असं नाही. मुलगी देखणी, कामाला वाघीण, बाप घरचा बरा. पण इतर गावांत वरपक्ष मुलगी बघतो, इथे मुलीचा बाप मुलगा बघायचा, आणि तोही दिवेलागणीला, ओट्यावर, म्हशीच्या वाऱ्याखाली.

"ज्या पोऱ्याले मच्छर मन्ही केसरथीन जास्त भुलतीन, त्यालेच मी केसर देसू," आबांनी मला एकदा स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, "आबा, जावई बघताय की म्हैस?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हैस सासरले धाडता येत नही, मास्तर. नही तर तीच धाडतू."

शहाद्याहून एका कापूस दलालाचा मुलगा आला. रेशमी कोट, केसांना तेल, मनगटाला अत्तर. आबांनी उकाड्याचं निमित्त करून त्याचा कोट उतरवला. गप्पा पावसावरून कापसावर गेल्या, कापसावरून भावावर. मध्येच केसर डासांसाठी धूर ठेवून गेली. डासांनी त्या मुलाकडे वळूनही पाहिलं नाही. अत्तराने की आणखी कशाने, देव जाणे. सगळे माझ्यावर आले. मी पाहुण्यांसमोर पोटऱ्या खाजवत बसलो होतो आणि आबा खिन्नपणे मान हलवत होते. पाहुणे गेले. "ज्याले मच्छर इचारत नही, त्याले मी आंडेर कशी देऊ?" आबा म्हणाले. आंडेर म्हणजे लेक.

मग कोरीटचं स्थळ आलं. मुलाचं नाव रघू. बाप नव्हता, घरी आई, आणि त्याला घेऊन त्याचा काका आला होता. रघू साधा, सावळा, हाताला घट्टे पडलेला आणि लाजरा. केसर पाणी घेऊन आली तेव्हा त्याने तांब्या इतक्या घाईने घेतला की अर्धं पाणी काकाच्या धोतरावर सांडलं. केसर हसू दाबत आत गेली. मी मनात म्हटलं, बाकी कोणाचं काही असो, इथे काही तरी जमलं.

पण परीक्षा बाकी होती. केसरने पाहुण्यांच्या सोयीसाठी निखाऱ्यांवर कडुलिंबाचा पाला टाकलेलं धुपाटणं आणून नेमकं रघूच्या पायाशी ठेवलं. धूर त्याच्या अंगावरून जायला लागला आणि डास त्याला सोडून काकाच्या टकलावर जमले. काका बोलता बोलता एक हात सारखा डोक्यावर मारत होता. आबा ते तल्लीन होऊन बघत होते. बराच वेळ विचार करून त्यांनी रघूला सोडून काकाकडे तोंड वळवलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "काकासनं लगीन व्हयेल शे का?"

कोरीटकर त्याच बैलगाडीने परत गेले.

गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी आबांशी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोललो. पोरीचं नुकसान करताय, म्हणालो. आबांनी ऐकून घेतलं. केसर चुलीपुढे बसून फुंकत होती. तिला मी विचारलं, "तुला तरी पटतं का हे?" तिने वर न बघता सांगितलं, "मास्तर, मच्छर खोटं बोलत नही." बापाचं वाक्य बापाच्याच सुरात. मी कपाळाला हात लावला.

भादवा सरता सरता गावात हाडमोड्या ताप आला. नाव अगदी खरं. अंगातलं एकेक हाड वेगळं करून मोडल्यासारखं दुखतं, डोळे हलवले तरी कळ येते, आणि चालता फिरता माणूस दुपारपर्यंत खाटेला खिळतो. घरोघर कण्हणं सुरू झालं. आबांनी आमची फळी मजबूत केली. शेतातला एक बैलसुद्धा ओट्याशी आणून बांधला. मला रोज संध्याकाळी ते गूळ खायला द्यायचे. गोडी वाढावी म्हणून. मीही खायचो.

मला काही झालं नाही. आबांना काही झालं नाही. ताप आला केसरला.

एवढा धीराचा माणूस, पण त्या दिवशी आबांनी म्हशीची धारसुद्धा काढली नाही. केसर घोंगडीत मुटकुळं करून पडली होती आणि बापाला म्हणत होती, "आबा, घाबरू नका. हाडं मोडतीस, तोंड शाबूत शे." आबा माझ्याजवळ आले आणि इतकंच म्हणाले, "तिनी मायले असंच व्हयेल व्हतं. मास्तर, डॉक्टरले आना."

मी नंदुरबारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना टांग्यातून घेऊन आलो. तरुण माणूस, चष्मा, बोलायला मोकळा. त्यांनी केसरला तपासलं आणि दगावण्याचं भय दिसत नाही, पण जपायला हवं, असं सांगितलं. आबांनी श्वास सोडला. मग त्यांना राहवेना. त्यांनी डॉक्टरांना ओट्यावर नेऊन आपली सारी तटबंदी दाखवली. म्हैस, बैल, मास्तर. एवढं असून डास आत शिरला कसा?

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "आबा, तुमचं अर्धं बरोबर आहे. कितीतरी डासांना गुरंच आवडतात. जनावर जवळ असलं की ते माणसाकडे कमी येतात. पण या तापाचा डास वेगळा. अंगावर, पायांवर पांढरे पट्टे असतात. तो रात्री नाही, दिवसा चावतो. आणि त्याला माणूसच लागतो. म्हशीकडे तो ढुंकूनही बघत नाही."

आबांना हा मोठा धक्का होता. ते म्हशीकडे बघत राहिले. एवढी भरल्या अंगाची, धुतलेली, खाऊनपिऊन टुमटुमीत म्हैस समोर असताना वाळक्या माणसाकडे जाणारा डास त्यांच्या कल्पनेत बसत नव्हता. "म्हैस सोडीसन मानूस?" ते म्हणाले. "मंग त्याले अक्कल नही."

"अक्कल आहे," डॉक्टर म्हणाले. "तो बाहेरून येतच नाही. माणसाच्या घरातच जन्मतो, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात. घरात पाणी कुठे साठवता?"

केसरचे हंडे रोज घासलेले, कोरडे करून भरलेले. त्यांत काही सापडलं नाही. डॉक्टर मागच्या दाराने अंगणात गेले. तिथे तुळशीपलीकडे सावलीत एक मोठा रांजण जमिनीत अर्धा पुरलेला होता. त्यावर लाकडी झाकण. डॉक्टरांनी झाकण उचललं आणि मला वाकून बघायला सांगितलं. पाणी काठोकाठ, आरस्पानी. आणि त्यात वरखाली वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या.

"हे पाणी कोण वापरतं?" डॉक्टरांनी विचारलं.

कोणीच वापरत नव्हतं. आबा रोज विहिरीवरून आणत ते पाणी या रांजणात. जेवढं आटलं असेल तेवढंच वरून घालायचं, झाकण लावायचं आणि निघून यायचं. उपसायचं कधीच नाही. केसरलासुद्धा त्याला हात लावायची मनाई होती.

"आजच रिकामा करा. घासा, उन्हात वाळू द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि मुलीला दिवसा जाळीत ठेवा. तिला चावलेला डास दुसऱ्याला चावला की त्याला ताप." एवढं सांगून, औषध देऊन ते टांग्यात बसले.

आबांनी पहिल्यांदा पारडाच्या अंगावरची मच्छरदाणी ओढून काढली. शिकेकाईने धुतली, वाळवली आणि केसरच्या बाजेवर बांधली. ती पारडाच्या मापाची असल्याने केसरचे पाय बाहेर राहत होते, त्यांवर त्यांनी आपलं धोतर पांघरलं. उपाशी डास शेजारी धाडण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मग ते अंगणात गेले.

मी मागे गेलो तेव्हा ते रांजणापाशी उकिडवे बसले होते. तांब्या हातात होता, पण पाण्यात बुडवत नव्हते. मी म्हटलं, "द्या, मी उपसतो." त्यांनी मान हलवली. मग रांजणाशीच बोलल्यासारखे ते बोलले.

"केसरनी माय व्हती तवलगुन मले येक मच्छर चावना नही, मास्तर. मी गावले सांगू, मन्हं रगत कडू शे. मोठी ऐट व्हती मन्ही. ती शेजारे निजे. सकायले तिनं आंग देखा तर नुसतं फुलेल. मी हासू तिले. ती गयी. आनी मंग मले पयला मच्छर चावना. तव्हय समजनं, कडू बिडू काय नही. ती व्हती म्हनीसन."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"हाऊ रांजन तिना. दिनभर पानी भरे. येक दिन म्हने, आज तुम्ही येक हंडा आना, मन्हं आंग मोडी ऱ्हायनं. मी म्हनं, बाप्या मानूस पानी भरस का? तोच ताप व्हता." आबांनी तांब्या पाण्यात घातला. "पानी तिनीच भरं, मच्छर बी तिनीच झेलात. मी काय करं?"

म्हणून हा माणूस रोज बायकांच्या हसण्यातून वाट काढत तो एक हंडा आणत होता, आणि ते पाणी सांडायला त्याचा हात होत नव्हता. मला फार वाईट वाटलं. त्याच पाण्यातून मुलीचा ताप उठला असेल, हे त्यांना कळलं होतं आणि मला कळलं होतं. दोघांनीही ते उच्चारलं नाही. दुपारभर त्यांनी तांब्या तांब्या करून रांजण उपसला, राखेने घासला आणि ऊन लागावं म्हणून झाकण काढून ठेवलं.

केसर उठली. आठवडाभर भिंत धरून चालत होती, मग भिंत सुटली. डासांबद्दल आबा एक अक्षर बोलत नव्हते. सालदार नवीन ठेवला, त्याची बाही खालीच राहिली. म्हैस परत गोठ्यात गेली आणि मला पहिल्यांदाच शांत झोप लागली. पण आबांकडे बघून मला ती जुनी बडबड बरी वाटायची. पोरीचं लग्न कोणत्या मापाने ठरवायचं हेच त्यांना आता कळत नव्हतं.

अशात एका संध्याकाळी कोरीटची बैलगाडी दारात उभी राहिली. रघू आणि त्याचा काका. स्थळाचं बोलायला नाही, आजाऱ्याचा समाचार घ्यायला. रघूने टोपलीभर डाळिंबं आणली होती आणि ती कोणाच्या हातात द्यावी हे न कळून तो टोपली मांडीवर घेऊनच बसला. काकाने या खेपेला डोक्याला घट्ट फेटा बांधला होता.

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. एकाएकी आबांनी रघूला विचारलं, "तुम्हना घरमा पानी कोन भरस?"

काकाने पटकन सांगितलं, "त्यानी माय भरस. दुसरं कोन भरी?"

रघूचे कान लाल झाले. त्याने एकदा काकाकडे बघितलं, एकदा डाळिंबांकडे. "मी भरस," तो म्हणाला. "मायना गुडघा दुखतस. दोन सालपासून मीच भरस." काका मोठ्याने खाकरला. सोयरिकीच्या घरी असली गोष्ट उघड करणारा पुतण्या त्याच्या नशिबी आला होता.

आबा रघूकडे बघत राहिले. तेवढ्यात केसर आतून आली. हातात धुपाटणं, निखाऱ्यांवर कडुलिंबाचा ओला पाला. ती रघूच्या पायाशी ते ठेवायला वाकली आणि आबा उठले. त्यांनी तिच्या हातातून धुपाटणं काढून घेतलं.

"आते नको करू, बेटा," ते म्हणाले. "शहादावाला उना तव्हय बी तू त्यानावर धूर धरा. याले बी धरा. मी दरखेपे देखू."

केसर जागच्या जागी थिजली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे डासांनी कोणाला नाकारलं नव्हतं. ती नाकारत होती. आपण गेलो की सगळे डास बापावर येतील, म्हणून.

"देखत व्हतात, तर बोलनात का नही?" तिने विचारलं.

आबांनी धुपाटणं ओट्याच्या खाली ठेवलं. पाहुणे बसले होते, मी बसलो होतो, पण त्यांनी कोणाची भीड धरली नाही. "मन्हं बी तुले धाडानं मन नव्हतं," ते म्हणाले. "मच्छरनं नाव करं नि बठनू."

केसरचे डोळे भरले. धूर आता खाली होता, त्यामुळे तिला धुराचं निमित्तही सांगता येईना. ती दारापर्यंत गेली, चौकट धरून उभी राहिली. काकाने काहीच न समजून माझ्याकडे बघितलं. मी त्याला खूण केली, जरा थांबा.

आबा म्हणाले, "मास्तर, आतून सुपारी आना."

मी उठलो. दारात केसर वाट अडवून उभी होती. तिने माझ्या खांद्यावरून बापाकडे बघितलं आणि विचारलं, "मी गयी तर घरनं पानी कोन भरी?"

"मीच भरसू," आबा म्हणाले. "रांजन बी मीच भरसू, पन आते रोज उपसी टाकसू."